हळदीच्या दिवशी जिताडा

आमच्याकडच्या यंत्रांना माशांची नावं आहेत. रावस, जिताडा, सुरमई, हलवा. कागदोपत्री त्यांची दुसरी, आकड्या-अक्षरांची नावं आहेत, पण ती कोणी तोंडाने घेत नाही. "सुरमईची डिस्क भरत आली", "रावसाचा पंखा कुरकुरतोय", असंच आमचं बोलणं चालतं. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, आपण रबाळ्याच्या एमआयडीसीत आलो की मासळी बाजारात?

ही नावं काकांनी ठेवली. काका म्हणजे आमच्या सर्व्हर हॉलचे मुख्य. करावे गावचे. त्यांचे वडील खाडीत होडी घालायचे. काका शिकले, नोकरीला लागले, पण जिभेवरची खाडी गेली नाही. त्यांच्या तोंडी पाण्याचं पानी होतं आणि आहेचं हाय. मी तिकडचा, चंद्रपूरच्याही पलीकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतली मरळ. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं.

"मरळ? चिखलातली? आरे, म्हंजे तू मासा खाल्लासच न्हाय अजून."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी वेगळा डबा होता. त्यात जिताडा होता. खाडीकाठच्या गावांत तो मानाचा मासा, व्याह्याकडे किंवा साहेबाकडे भेट म्हणून न्यायचा. आमच्या हॉलमधल्या सगळ्यात भरवशाच्या यंत्राला जिताडा हे नाव त्यामुळेच मिळालं.

जिताडा आणि रावस ही जोडी एका पॅथॉलॉजी लॅबवाल्यांची. ठिकठिकाणी त्यांच्या लहान लहान लॅब आहेत, आणि त्या सगळ्यांचं काम या दोन लोखंडी पेट्यांवर चालतं. पेटी एक, पण तिच्या पोटात कितीतरी कॉम्प्युटर असतात, हाताला न लागणारे. आईला मी हे सोसायटीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. बिल्डिंग एक, आत बिऱ्हाडं पुष्कळ. एकाचा हिशेब, एकाचे रिपोर्ट, एकाची अपॉइंटमेंट. आणि या सगळ्या बिऱ्हाडांनी बाहेर जायचं ते खालच्या एकाच गेटातून. ते गेट म्हणजे नेटवर्कचं कार्ड. आई म्हणाली होती, "मंग गेटावर वॉचमन हाय ना? तू तोच ना?" मी हो म्हटलं. फार चुकीचं नव्हतं ते.

मी नववीत शाळा सोडली. गणित जमेना आणि इंग्रजीचा तास आला की पोटात दुखायचं, खरंच दुखायचं. मामाबरोबर डिश अँटेना बसवत फिरलो, मग एका ठेकेदाराबरोबर केबल टाकायला नवी मुंबईत आलो. या हॉलच्या फरशीखाली केबल ओढायचं काम होतं ते. काकांनी मला वायरी बांधताना बघितलं आणि काम संपल्यावर ठेकेदाराला म्हणाले, "ह्याला हितंच सोड." काय बघितलं त्यांनी, मला अजून माहीत नाही. विचारायची छाती होत नाही. विचारलं आणि त्यांनी नीट विचार केला तर आपली चूक त्यांच्या लक्षात यायची, अशी एक भीती आहेच. ही भीती माझी कायमची सोबतीण. कुलूप लावून निघालो की परत जाऊन ओढून बघतो.

इंग्रजी अक्षरांची भीती मात्र काकांनी घालवली, आणि तीही माशांनीच. हॉलमध्ये पंख्यांचा एवढा गोंगाट असतो की फोनवर बी, डी, पी, टी सगळं एकच ऐकू येतं. बाकीचे लोक त्यासाठी शहरांची नावं घेतात. काकांनी आमच्यासाठी माशांची बाराखडी केली. बी बोंबलाचा, एम मांदेलीचा, एन निवटीचा, पी पापलेटचा, एस सुरमईचा, टी तारलीचा. ओ ओल्या जवळ्याचा. ई ला मासा सापडेना, म्हणून ई नुसता एकटा. आमच्या मॅडमही हीच बाराखडी वापरतात. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनियर, कोपरखैरण्याला राहतात, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि कामात पक्क्या. यंत्राच्या आतलं त्यांचं, बाहेरचं माझं. मी पेटी उघडणार, कार्ड बसवणार, वायर लावणार. त्या घरून लॅपटॉपवर आतलं बघणार.

आणि काकांचे दोन नियम. एक, एका वेळी एकच जाळं टाकायचं. म्हणजे यंत्रात एका वेळी एकच बदल करायचा, तो निभावला की मग दुसरा. दोन, रविवारच्या कामात दिवेलागणीपर्यंत यंत्र पूर्ववत झालं नाही तर काकांना फोन करायचा. मग ते कुठेही असोत, येणार.

मागे ते असेच आले होते, थोरल्या मुलीच्या हळदीतून. मांडव भरलेला, धवलारिणी बायका धवला म्हणजे लग्नाची गाणी म्हणतायत, मुलगी पाटावर बसलेली, आणि हलवा बंद पडला. काका पांढऱ्या कपड्यांवर हळदीचे डाग घेऊन इथे आले आणि यंत्रासमोर बसून राहिले. परत गेले तोवर मुलीने हळदीचे कपडे बदललेले होते. थोरली काही बोलली नाही. धाकटी मात्र तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणाली होती, "बाबा, माझ्या हळदीला तुझा कुठलाही मासा मेला तरी तू उठायचं नाही. उठलास तर मी पाटावर बसणार नाही."

धाकटीचं लग्न गेल्या मे महिन्यातलं ठरलं. हळद आली नेमकी त्या रविवारी, ज्या रविवारी जिताडा बंद करून नवीन सिस्टम चढवायचं लॅबवाल्यांशी कधीचं ठरलेलं. काका तारीख बदलायच्या खटपटीला लागले. मी म्हटलं, "काका, मी आणि मॅडम करतो. तुम्ही नका बघू इकडे." बोलून गेलो खरा.

काकांनी हातातलं कॅलेंडर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बरा. पन दिवेलागनीचा नियम तुलापन लागू हाय हां."

आता चूक कशी झाली ते सांगतो. जिताड्यात एक नवीन कार्डही बसवायचं होतं, जादा डिस्क जोडण्यासाठीचं. ते पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. पण पुढच्या आठवड्यात काकांकडे पाचपरतावण. लेक सासरहून पहिल्यांदा माहेरी येणार, जावई येणार. मॅडम म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी पण काकांचा जीव इकडे कशाला? पेटी बंद करतोच आहोत तर कार्ड पण टाकून देऊ. एका दगडात..." मी म्हटलं, "टाकू." आम्हा दोघांना ती फार मायेची गोष्ट वाटली. काकांसाठीच करत होतो ना. आणि काकांसाठी करता करता काकांचाच पहिला नियम मोडला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी जेवून हॉलवर गेलो. बाहेर ऊन फुफाट्यासारखं, आत एवढी थंडी की स्वेटर लागतो. यंत्रांच्या पुढची गल्ली थंड, मागची गरम. आईचा फोन नेमका मी स्वेटर चढवताना आला.

"जेवला का बाबू?"

"जेवलो. स्वेटर घालतोय, मग बोलतो."

"मे महिन्यात सेटर? आमी इथं ओला दुपट्टा डोक्शावर घेऊन बसलो, आन तू सेटर घालतं? तुले बरं नाई का बाप्पा?"

तिला हे मी कितीदा सांगितलंय, पण दर मे महिन्यात तिला नव्याने काळजी वाटते. मला ते बरं वाटतं.

काम सुरळीत सुरू झालं. मॅडमनी जिताड्यातली बिऱ्हाडं तात्पुरती रावसाकडे हलवली. रविवारी लॅबना गर्दी नसते, एकटा रावस तेवढं पेलतो. सोमवारी सकाळी मात्र लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, तेव्हा दोघंही लागतात. नवीन सिस्टम चढली. मी पेटी बंद केली, झाकण काढलं, रिकाम्या खाचेत नवीन कार्ड बसवलं, झाकण लावलं, चालू केली. पंखे जोरात घोंघावले, मग हळू झाले. चांगलं लक्षण. मी कानात इअरफोन घालून मॅडमच्या आवाजाची वाट बघत राहिलो.

"दादा, चालू केला का?"

"कधीचा."

"मला दिसत नाहीये."

"थांबा, उठत असेल."

थांबलो. उठला नाही असं नव्हतं; पंखे शांत फिरत होते, पुढचा दिवा हिरवा होता. पण मॅडमना तो कोपरखैरण्याहून दिसेना. दुरून पडदा दाखवणारी सोय त्या जुन्या यंत्रात कधीच बिघडलेली. तेव्हा मी कोपऱ्यातली ढकलगाडी आणली. तिच्यावर एक मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवलेला असतो, आजारी यंत्रापाशी न्यायला. वायर जोडली, पडद्यावर अक्षरं आली. मॅडमनी काय टाइप करायचं ते सांगितलं, मी केलं, आणि जे दिसलं ते वाचलं.

"म्हणजे जिताडा उठलाय," मॅडम म्हणाल्या, "आतलं सगळं ठीक आहे. पण तो म्हणतोय की मला नेटवर्कचं कार्डच सापडत नाही. कार्डाच्या दोन वायरींच्या दोन्ही वाटा गायब."

"गायब कशा होतील? माझ्यासमोर आहे कार्ड. मागे दिवासुद्धा लागलाय."

"तेच तर ना यार!"

बिल्डिंग उभी आहे, दिवे चालू आहेत, आणि गेट नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मी नवीन कार्ड बसवताना जुन्याला धक्का लावला. पेटी बंद केली, झाकण काढलं, नेटवर्कचं कार्ड काढून परत दाबून बसवलं. चालू केली. नाही. वायरी बदलल्या. नाही. पुन्हा एकदा झाकण काढलं. इअरफोनमधून मॅडम म्हणत होत्या, नवीन सिस्टमला जुनं कार्ड ओळखताच येत नसेल, तसं होतं कधीकधी. मग जुनी सिस्टम परत चढवावी लागेल, आणि त्याला फार वेळ जाईल. म्हणजे दिवेलागण उलटणार. म्हणजे काका.

त्यात फोन वाजला. नंबर काकांचा. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून मी उचलला.

"दादा, मी बोलतेय." धाकटी होती. मागे बॅन्जोचा आवाज, बायका हसत होत्या. "बाबांचा फोन मी माझ्याकडे ठेवलाय. त्याच्यावर मेसेज आलाय. जिताडा लाल दिसतोय."

लहानपणापासून बापाच्या फोनमधल्या माशांचे लाल-हिरवे रंग बघत ती वाढलेली. तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

"हो," मी म्हटलं. "जरा उठायला वेळ लावतोय."

"बाबा मांडवात नाचतायत. मामाने टोपी घातलीय त्यांना. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं." मागे दार लावल्याचा आवाज आला. "सांगू का त्यांना? खरं बोल हां. मी चिडणार नाही."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, पाटावर बसणार नाही म्हणणारी मुलगी स्वतःहून विचारत होती, हे तिला किती जड गेलं असेल. तेव्हा मला एवढंच कळलं की मी हो म्हटलं तर बॅन्जो थांबेल.

"तुम्हाला हळद कधी लावणार?"

"उन्हं उतरली की. धवलारिणी बसल्यात चहा पीत."

"मग अजून थोडा वेळ आहे. नका सांगू. गरज पडली तर मीच फोन करीन, नक्की करीन."

"तोंड धुऊन देवीला हात जोड," ती म्हणाली, अगदी तिच्या आईसारखं, आणि फोन ठेवला.

मी तोंड धुतलं. खरंच धुतलं. बाहेरच्या नळाचं पाणी कढत होतं. वॉचमनने विचारलं, "काय रे, आत आग लागली का?" म्हटलं, "लागली असती तर बरं, घंटा तरी वाजली असती." पण त्या दोन मिनिटांत डोकं जरा थंड झालं आणि आठवलं ते काकांचं जाळं. एका वेळी एकच. आम्ही दोन टाकली होती. नवीन सिस्टम आणि नवीन कार्ड. कुठल्या जाळ्याने घोटाळा केला हे कळणार कसं? एक तर काढून बघायला हवं.

आत जाऊन मॅडमना हे म्हटलं. त्यांनी कामाची यादी परत वरपासून बघितली. मग म्हणाल्या, "शी! आपण काकांचा नियम मोडला, दादा."

"त्यांच्याच पाचपरतावणीसाठी."

"ते त्यांना सांगून बघा, काय म्हणतात."

सिस्टम परत उतरवायची म्हणजे फार वेळ. कार्ड काढायचं म्हणजे चार स्क्रू. कार्ड काढलं. जिताडा चालू केला. पंखे घोंघावले, हळू झाले.

"आला!" मॅडम इतक्या मोठ्याने ओरडल्या की त्यांच्या घरात कोणीतरी विचारलं, काय झालं गं. "दिसला मला! दोन्ही वाटा आल्या!"

म्हणजे नवीन सिस्टम निर्दोष होती. गुन्हेगार माझ्या हातातलं कार्ड. पण त्याचा नि नेटवर्कचा काही संबंधच नाही, ते डिस्कचं. मॅडम म्हणाल्या, आता जे दिसतंय त्याचा फोटो काढा, मग कार्ड परत टाका आणि परत वाचून दाखवा. मला पुन्हा झाकण उघडायचं जिवावर आलं होतं. चालू झालेलं यंत्र हाताने बिघडवायचं? पण तसंच ठेवलं तर कार्डाचं काम पुढच्या आठवड्यावर, म्हणजे जावई जेवायला बसलेला असताना. टाकलं. गेट पुन्हा गायब.

"आता त्याला कोणकोणती दारं दिसतायत ते वाचा."

"ई एकटा, एन निवटीचा, पी पापलेटचा, चार, एस सुरमईचा, शून्य."

"चार?"

"चार."

"फोटोत बघा."

फोटोत बघितलं. ई एकटा, निवटी, पापलेट, तीन. बाकी सगळं तेच.

मॅडम हसायलाच लागल्या. मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मला असं कळलं. पंगत बसलेली आहे. नेटवर्कचं कार्ड तिसऱ्या पाटावर. आता एक नवा पाहुणा येऊन त्याच्या आधी बसला, तर मागचे सगळे एकेक पाट सरकणार. आपलं कार्ड चौथ्या पाटावर गेलं. माणूस तोच, भूक तीच. पण वाढप्याला सांगून ठेवलंय की तिसऱ्या पाटावरच्याला वाढ. तो तिसऱ्या पाटाशी जातो, तिथे भलताच बसलेला, वाढपी परत फिरतो आणि म्हणतो, आपला माणूस आलेलाच नाही. जिताडा उठताना एक फाईल वाचतो, तो हा वाढपी. त्या फाईलमध्ये तीनचे चार करायचे, बस.

"मी इथून करू शकत नाही, दादा. गेटच नाही ना. तुम्हालाच करावं लागेल."

त्या फाईलला मी तोवर कधी हात लावला नव्हता. तिच्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सगळी बिल्डिंग बाहेर. काका स्वतः ती उघडताना चष्मा पुसून घ्यायचे. मी स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. मॅडम एकेक अक्षर सांगत होत्या, मी दाबत होतो आणि दाबलं की परत वाचून दाखवत होतो. मांदेली, ओला जवळा, बोंबील. मधेच त्या म्हणाल्या, "दादा, श्वास घ्या, मला ऐकू येत नाहीये तुमचा." जिथे जिथे तीन होतं तिथे चार केलं. सेव्ह करायच्या आधी वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं, मग परत एकदा. मग पूर्ण बंद करून चालू केलं, कारण नुसतं आत्ता चालून उपयोग नाही. पुढच्या वेळी उठेल तेव्हाही त्याला गेट सापडायला हवं.

पंखे घोंघावले. हळू झाले.

मॅडमच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मी विचारायला घाबरलो. मग त्यांचा नेहमीचा, कामाच्या वेळचा आवाज आला. "दिसतोय. बिऱ्हाडं परत आणायला घेते. तुम्ही मांडवात घालायला दुसरा शर्ट आणलाय ना?"

हॉलच्या बाहेर आलो तर उन्हं पिवळी झाली होती. मॅडम बिऱ्हाडं परत नेऊन, पदर-बिदर नीट करून स्कूटीवर आल्या. मी मागे बसलो. पाम बीच रोडला खाडीवरून वारा येत होता, गरम, पण वारा. सिग्नलला त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, स्वेटर!"

शर्ट हॉलवरच राहिला होता. स्वेटर तसाच अंगात. काढला असता, पण आत कामावरचा जुना टी-शर्ट होता, बाहीला फाटलेला.

करावे गावात शिरलो तेव्हा धवला सुरू होता. मांडवात मधोमध धाकटी पाटावर बसली होती, तोंड, हात, पाय सगळं पिवळं. शेजारी काका, तेही पिवळे, डोक्यावर मामाची टोपी. धाकटीने मला गर्दीत बघितलं आणि भुवया वर केल्या. मी मान हलवली. तिने डोळे मिटले, उघडले आणि मला हाताने बोलावलं. जवळ गेलो तर दोन्ही हातांची हळद माझ्या स्वेटरवर पुसली.

"मे महिन्यात स्वेटर घालून हळदीला येतात का?" एक आजी म्हणाली. "हा कुनीकरचा?"

"आमचाच हाय," काकी म्हणाल्या, काकांच्या मंडळी. "तिथं बर्फात काम करतो तो."

मी धाकटीला हळूच सांगितलं काय झालं होतं ते. नवीन पाहुणा बसला, आपल्या माणसाचा पाट बदलला आणि पाटाबरोबर नावही बदललं. ती हसली. "मी नाव बदलणार नाही. सासरी आधीच सांगून ठेवलंय."

"मग तुमच्या वाढप्याची काळजी नाही," मी म्हटलं.

काका उठून माझ्यापाशी आले. मला वाटलं आता विचारतील. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवलास काय रं?"

"आत्ताच आलो."

"मग चल पयलं." पंगतीकडे नेता नेता पुढे बघतच म्हणाले, "किती जाळी टाकलेली?"

मी थांबलो. तेही थांबले.

"दोन," मी म्हटलं.

"मना वाटलाच." ते रागावलेले दिसत नव्हते. "पोरगी माझा फोन घेऊन मोरीत जाऊन बोलली, तवाच समजला जिताडा झोपलाय म्हनून. एवढा वेळ झोपला म्हंजे एका जाल्याचा काम न्हाय."

"मग तुम्ही आला नाहीत?"

"तू कुठं बोलावलास?"

एवढं म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं आणि स्वतः माझ्या ताटात तांदळाची भाकरी वाढली. मॅडम पलीकडे बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घालून हसू दाबलं. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. "तू पन शिकलेली, तुला पन समजू नये? आता पाचपरतावनीला दोघा या जेवायला. हॉलवर कोनीपन जायाचा न्हाय."

 भाकरीवर रस्सा घेतला, दोनदा घेतला. मधेच आईचा व्हिडिओ कॉल आला, तो मी तसाच जेवता जेवता उचलला. तिला आधी बॅन्जो ऐकू आला, मग माझा पिवळा स्वेटर दिसला.

"अगा, तुयं लगन आहे का काय?"

काकींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोघी बोलत बसल्या. कोणाचं किती कळत होतं देव जाणे, पण बराच वेळ बोलल्या.

सोमवारी सकाळी हॉलवर गेलो तेव्हा जिताडा आणि रावस, दोघांचे दिवे हिरवे लुकलुकत होते, लॅबमध्ये लोक रक्त देत होते. मी जिताड्याच्या दारावर आमच्या नेहमीच्या पांढऱ्या पट्टीवर लिहिलं: आता चौथा पाट. मॅडमनी ते बघून खाली माशाचं चित्र काढलं. हळदीचा डाग स्वेटरवरून गेला नाही. दोनदा धुतला, मग सोडून दिलं. काका सुट्टीवरून परत आले, डाग बघितला, चष्मा पुसला आणि जिताड्यापाशी जाऊन ती पट्टी वाचत उभे राहिले.